कुलूपबंद घरं आणि विकाऊ गुंठे

कोकणात राहायला जायचं म्हणजे आधी जमीन घ्यायची, हा समज मुंबई-पुण्यातल्या जाहिरातींनी पक्का करून टाकलाय. समुद्र दहा मिनिटांवर, पाच गुंठ्यांचा प्लॉट, सातबारा तुमच्या नावावर. नोकरी घरून करता येते, मुलांना मोकळी हवा मिळेल, आंबे खाऊ, असा हिशेब मांडून नवरा-बायको शनिवार-रविवारी जमीन बघायला निघतात. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. गावात राहायला येणाऱ्या कुटुंबानं पहिली दोन-तीन वर्षं जमिनीला हात लावू नये, बंद पडलेल्या घरांपैकी एखादं भाड्यानं घ्यावं. आणि ते घर मिळावं याची सोय करणं हे ग्रामपंचायतीचं आणि सरकारचं काम आहे, इस्टेट एजंटचं नव्हे.

२००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या सतरा टक्क्यांहून जास्त वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. या दोन जिल्ह्यांत जमिनीला गिऱ्हाईक भरपूर आहे. तुटवडा आहे तो संध्याकाळी ज्याच्या घरात दिवा लागतो अशा माणसाचा. प्लॉट घेऊन कुंपण घालणारा आणि वर्षातून चार वेळा येणारा मालक ही तूट भरून काढत नाही.

आधी त्या प्लॉटचंच बघू. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान मापापेक्षा, लहान तुकडा पाडता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनं हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. अलीकडे हे नियम आणखी सैल होऊ लागलेत, पण जुन्या व्यवहारांचे घोळ त्यानं सुटत नाहीत. पाच गुंठे विकणारा माणूस बहुतेक वेळा अविभाज्य हिस्सा विकत असतो. दोन एकरांच्या एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस अनोळखी नावं चढतात, नकाशावर कुणाचीच हद्द नसते. कागद खरा असतो, नाव चढलेलंही खरं असतं, फक्त आपली जमीन नेमकी कुठली हे कुणी सांगू शकत नाही. घर बांधायची परवानगी मागायला गेलं की इतर चौदा जणांच्या संमतीचा विषय निघतो, त्यातले दोघं दुबईला असतात आणि एक वारलेला असतो.

कागद चोख निघाले तरी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचत नाहीत. ‘कलम ४३ ला अधीन’ असा शेरा असेल तर ती कुळकायद्यानं मिळालेली जमीन आहे आणि तिच्या विक्रीवर अटी आहेत. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगी लागते. देवस्थान इनाम असेल तर त्या वाटेलाच जाऊ नये. सातबाऱ्याबरोबर आठ-अ चा खातेउतारा आणि निदान तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढाव्यात. वारसनोंदीत गाळलेली बहीण नंतर दावा लावते तेव्हा तिचं काहीच चुकत नसतं.

आणि एवढं करून एका एकरातून मिळणार काय? हापूसची कलमं शिफारशीप्रमाणे दहा बाय दहा मीटरवर लावली तर एकरी चाळीस बसतात. व्यापारी म्हणावं असं उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं जातात. काजू तीन-चार वर्षांत धरतो, पण पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात कलमं जगवावी लागतात आणि माकडं-गवे-रानडुकरांचा हिशेब वेगळाच. एक एकरवर संसार चालेल असं सांगणारा माणूस एकतर जमीन विकतोय किंवा त्यानं संसार केलेला नाही.

गावाच्या बाजूनं बघितलं तर हे प्लॉट आणखी महाग पडतात. चिऱ्याचा गडगा जाऊन सहा फुटी भिंत येते, आणि तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची पाणंद अडते. मग मामलेदार कोर्टात १९०६ च्या कायद्याखाली वहिवाटीचा दावा. लॉनसाठी खोल बोअर मारली जाते आणि मे महिन्यात खालच्या वाडीतली विहीर आटली की कारण कुठे शोधायचं हे सगळ्यांना माहीत असतं.

आता दुसरी बाजू. कुठल्याही वाडीतून फिरलं तर पाच घरांमागे एखाद-दुसऱ्या घराला कुलूप दिसतं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर किंवा विहिरीवर हक्क. ही घरं भाड्यानं का मिळत नाहीत? पैशाचा प्रश्न क्वचितच असतो. अडचणी तीन असतात.

पहिली म्हणजे कूळ लागण्याची भीती. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारा मालक झाला, आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात ती आठवण अजून ताजी आहे. ‘एकदा आत घेतला की निघायचा नाही’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. कसणाऱ्याला जमीन देणारा तो कायदा न्याय्यच होता. पण तो शेतजमिनीच्या कुळाबद्दल आहे, ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घरात राहणाऱ्याला त्यानं मालकी मिळत नाही. मुंडकार म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणारा; गोव्यात १९७५ च्या मुंडकार कायद्यानं अशीच भीती बसवली: राखणदार ठेवायचीही मालकांना धास्ती, म्हणून मोठमोठी घरं कुलपात कुजतात.

दुसरी अडचण हिश्श्यांची. घर आजोबांच्या नावावर, हिस्सेदार अकरा, कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून आजोबाच. हा उतारा घरपट्टीपुरता असतो, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका निघू लागल्यात. पत्रिका निघाली असेल तर तिच्यावरची नावं हाच करारासाठी पाया धरावा. हिस्सेदारांपैकी एकाला बाकीच्यांनी नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यावं आणि त्यात फक्त ‘परवान्यानं भाड्यानं देणे व भाडे स्वीकारणे’ एवढाच अधिकार लिहावा. विक्रीचा शब्दही नको. ‘सर्व अधिकार’ असं लिहिलेलं मुखत्यारपत्र पुढे आलं की एक तरी चुलता सही करत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

तिसरी अडचण गणपतीची, आणि बाहेरच्या माणसाच्या ती डोक्यातच येत नाही. मालक वर्षाचे साडेतीनशे दिवस येत नाहीत, पण चतुर्थीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. त्या पंधरा दिवसांसाठी घर हवंच असतं. यावर उपाय साधा आहे. देवघराची खोली आणि तिला लागून एक खोली मालकाच्या कुलपात राहील. गणपतीच्या दिवसांत माजघर आणि स्वयंपाकघर दोघांचं. माटवी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची चौकट) कुठे बांधायची, त्या दिवसांत स्वयंपाकघरात काय शिजणार नाही, कुणी कुठे झोपायचं, हे करारात तारखांसकट लिहून टाकावं. वकील हसतील, हसू देत. भाड्यावरून मोडलेले करार कमी आणि चतुर्थीवरून मोडलेले जास्त असतात. उलट रोज संध्याकाळी देवाकडे दिवा लावणारं कुणी असेल तर एरवी नाही म्हणणारी म्हातारी आत्या हो म्हणते.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, लेखी आणि नोंदणी केलेला असावा. नुसत्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेला कागद दोघांनाही निरुपयोगी. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे सगळा खर्च तालुक्याच्या दोन फेऱ्यांइतका. अकरा महिन्यांच्या सवयीला इथं अर्थ नाही. छपरावर खर्च करायचा तर निदान ३६ महिने हवेत, कायद्यात साठ महिन्यांपर्यंत मुभा आहे.

छपरावर खर्च करावाच लागतो. पाच वर्षं बंद असलेल्या घरात पहिला मार बसतो तो वाशांना. माकडं कौलं सरकवतात, एका फुटक्या कौलातून पाणी रीपेवर, रीपेवरून वाशावर, आणि वाळवी ओल्या लाकडाच्या मागावरच असते. म्हणून आढं, वासे, रिपा सुरीच्या टोकानं टोचून बघाव्यात. टोक अर्धा इंच आरामात गेलं तर तो वासा बदलायचा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला सुमारे पंधरा लागतात, म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपराला चौदाशेच्या आसपास. फुटलेल्यांच्या जागी नवी आणताना जुन्या कौलामागचा कारखान्याचा ठसा बघावा, कारण दोन कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत बसत नाही आणि नेमकं तिथंच गळतं. त्यापेक्षा पडवीची सगळी जुनी कौलं काढून मुख्य छपराच्या भरतीला वापरावीत आणि पडवीवर नवी घालावीत. सुतार मार्च-एप्रिलमध्येच सांगून ठेवायचा. मृगाच्या तोंडावर गावातला प्रत्येक सुतार कुणाच्या तरी छपरावर असतो. छप्पर झालं की घरामागची गटारी उपसायची, नाहीतर डोंगराकडचं पाणी जोत्यात मुरून भिंतींना कमरेएवढी ओल चढते. मग वायरिंग: जुन्या घरांत अर्थिंग नसतंच, ते करून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा. ओल्या चिऱ्याच्या भिंतीत शॉक लागणं ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. रंग अगदी शेवटी, तोही पहिला पावसाळा काढल्यावर.

पाण्याबद्दल शहरी माणूस हमखास फसतो, कारण तो घर बघायला येतो दिवाळीनंतर. विहीर काठोकाठ, ओढा वाहतोय, तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याची काय चिंता? पण जांभा चाळणीसारखा आहे. मुरलेलं पाणी डिसेंबरपर्यंत खाली निघून जातं आणि मार्चपासून विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणून घर बघायची खरी वेळ एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारी दोननंतर, विहिरीत वाकून. आणि शेजारच्या बाईला विचारायचं, पुरुषाला नव्हे.

जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. चौघांचे २२० लिटर, आणि टंचाईचे शंभर दिवस धरले तर २२ हजार लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी साडेचार दिवस पुरते, तेव्हा ती साठवण नव्हे. हजार चौरस फुटांच्या छपरावर जुलैतल्या एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती धरूनही सात हजार लिटरच्या वर पाणी पन्हाळातून उतरतं. चार बाय तीन बाय दोन मीटरची बंदिस्त टाकी असेल तर ती तीन-चार जोराच्या दिवसांत भरते. खरी खुबी भरण्यात नाही, कधी भरायची यात आहे. जूनचं पहिलं पाणी कौलावरची शेवाळ, पानं, पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं, ते सोडून द्यायचं. टाकी सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या आगेमागे, शेवटची भरून झाकण बंद करायचं. उजेड गेला की शेवाळ, फट राहिली की डास. बागेला हे पाणी पुरणार नाही. एका नारळालाच उन्हाळ्यात रोज तीस-चाळीस लिटर लागतात. ज्याला बाग हवी त्यानं सांडपाणी वळवावं.

विहिरीचं पाणी पिणार असाल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला शिका. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते चौदा हजार लिटर होतं, म्हणजे पस्तीस ग्रॅम. बादलीत कालवून वरची निवळी विहिरीत ओतायची, खालचा चुना फेकायचा, तासभर थांबून पाण्यात क्लोरीन उरलाय का हे बघणारी ओटी टेस्ट घ्यायची. पिशवी उघडी राहिली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि लोक महिनोन्‌महिने नुसता चुना टाकत बसतात.

संडासाचे शोषखड्डे विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवेत. भेगाळ जांभ्यात पंधराही कमीच. दोन खड्डे, मध्ये वाय-जोड, एका वेळी एकच चालू. पहिला भरला की बंद करून दीड-दोन वर्षं कुजू द्यायचा. शहरातून आलेले लोक हौसेनं मोठी सेप्टिक टँक बांधतात आणि तिचं सांडपाणी उघड्या गटारात सोडतात, तेव्हा शेजाऱ्याशी पहिलं भांडण तिथंच होतं.

आता शाळा. बहुतेक कुटुंबांचा बेत इथं गडगडतो. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी, आणि साठपर्यंत पटाला दोन शिक्षक. कोकणातल्या वाड्यावस्त्यांच्या शाळांत पट कित्येकदा दहाच्याही खाली असतो. वीसच्या आतल्या शाळा समूहशाळेत मिसळण्याचा विचार सरकारनं २०२३ मध्ये पुढे आणला, तो याच आकड्यांच्या जोरावर. अशा शाळेत एका कुटुंबाची दोन मुलं दाखल झाली तर पट नऊचा अकरा होतो. शहरात ही वाढ कुणाच्या गावी नसते, इथं ती शाळेच्या आयुष्याचा प्रश्न असते. प्लॉटधारकाची मुलं मात्र तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पिवळ्या गाडीतून जातात आणि वाडीची शाळा होती तिथंच राहते.

मूल आणायचं तर दुसरी संपायच्या आत आणावं. नवोदय विद्यालयाच्या ग्रामीण जागांसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात, आणि पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीणच असतात. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. सातवी-आठवीत इंग्रजी माध्यमातून उचलून आणलेलं मूल मात्र भाषेत अडखळतं आणि त्याचं खापर गावावर फुटतं.

दवाखान्याचं थोडक्यात. डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे माप. घर घेण्याआधी तिथं जाऊन विचारायचं: सर्पदंशाची लस आहे का, किती कुप्या, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर लस एकच आहे, पण सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. दोनच असतील तर तुमचं खरं केंद्र म्हणजे पुढचं ग्रामीण रुग्णालय, आणि अंतर तिथपर्यंत मोजायचं. फुरसं पावसाळ्यात जांभ्याच्या कातळावर, गडग्याच्या दगडांत सापडतं. रात्री बॅटरी आणि पायात बूट. चावल्यावर आवळून बांधणं, चिरणं, मांत्रिक, सगळं बंद. इंटरनेटचं एकच सांगतो: दूरसंचाराचा मनोरा आहे की नाही यापेक्षा वीज गेल्यावर त्याची बॅटरी किती तास चालते हे विचारा.

या सगळ्यात एक प्रश्न लोक दबक्या आवाजात बोलतात, तो मोठ्यानं बोलायला हवा. घर विचारायला आलेल्या माणसाला गाव आधी आडनाव विचारतं. बौद्ध किंवा मुसलमान कुटुंबाला ‘हिस्सेदार तयार नाहीत’ असं उत्तर मिळतं, आणि तेच हिस्सेदार आठवड्यानं दुसऱ्याला होकार देतात. हा व्यवहार खासगी ओळखीतून चालेल तोवर हे दिसणारही नाही. म्हणूनच बंद घरांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर हवी.

यादी करणं अवघड नाही. घरपट्टीचं रजिस्टर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) असतंच, कुठलं घर किती वर्षं बंद आहे हे शिपायाला तोंडपाठ असतं, आणि २०२७ च्या जनगणनेची घरयादी रिकामी घरं नोंदतेच. जपाननं हा मार्ग आधीच धरला. तिथं २०२३ च्या पाहणीत रिकामी घरं नव्वद लाख निघाली, आणि कित्येक नगरपालिका ‘अकिया बँक’, म्हणजे रिकाम्या घरांची यादी, चालवतात. मालक तिथं घर नोंदवतो, येणारं कुटुंब तिथून निवडतं. आपल्याकडे पर्यटकानं दोन रात्री राहावं म्हणून निवास-न्याहारी योजना आहे. कुटुंबानं दोन वर्षं राहावं म्हणून त्या तोडीचं काही नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येच्या मापानं मिळतो, तेव्हा राहता माणूस आणण्यात तिचाच फायदा आहे. ग्रामसभेनं ठराव करावा, मालकांना पत्रं जावीत, घर नोंदवणाऱ्याला थकीत घरपट्टीच्या दंडात सूट देता येते का ते बघावं, आणि कराराचा एकच छापील नमुना ठेवावा. येणाऱ्या कुटुंबाकडूनही अट घ्यावी: सहा महिन्यांच्या आत मतदारयादीत नाव इकडे आणायचं, मुलं वाडीच्या शाळेत घालायची, ग्रामसभेला यायचं. ही अट कायद्यानं बांधील ठरणार नाही, पण नमुन्यात छापली की पाळली जाते.

यावर येणारा रास्त आक्षेप असा की भाड्यानं आलेला उद्या निघून जाईल. जाईल की. पहिल्या दोन पावसाळ्यांत काही कुटुंबं परत जाणारच, आणि त्यांनी पाच गुंठे घेतलेले नसले तर मागे कुंपण आणि कोर्टकचेरी राहत नाही, दुरुस्त केलेलं छप्पर राहतं.

त्या छपराचा खर्च कुणाचा, हे मात्र आधीच ठरवावं. सरळ पद्धत अशी: सुताराचा अंदाज दोघांसमोर लेखी घ्यायचा, लाकूड आणि कौलं मालकाच्या खर्चात धरायची, मजुरी भाडेकऱ्यानं द्यायची, आणि मालकाकडे रोख नसेल तर त्याचा वाटाही भाडेकऱ्यानं भरून भाड्यातून महिन्याला ठरावीक रक्कम वळती करायची. वळती रक्कम संपायच्या आत मालकानं घर मागितलं तर उरलेले पैसे चाव्या घेतानाच परत. हे कलम करारात नसेल तर सही करू नये.